उज्जैनला चिपशी काय देणंघेणं, असं विचारणाऱ्यांना

सेमीकंडक्टरचा विषय निघाला की आमच्या उज्जैनमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ते आपल्या गावाचं काम नाही." फ्रीगंजातल्या दुकानात ते ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, आणि ज्यांनी ते मुळीच उच्चारू नये त्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकू येतं. हे मत अडाण्यांचं नाही, चांगल्या शिकल्यासवरलेल्यांचं आहे. म्हणूनच ते आधी जसंच्या तसं मांडतो.

त्यांचं म्हणणं असं. चिपचे कारखाने गुजरातेत चालले आहेत. धोलेऱ्याला टाटांचा ९१,००० कोटींचा प्रकल्प आहे, साणंदला मायक्रॉन आहे. संशोधन करायला मुंबई-मद्रासच्या आयआयटी आहेत, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आहे. उज्जैनच्या विद्यापीठात कायम शिक्षकांची वानवा आणि प्रयोगशाळेत जुनी उपकरणं. अशा ठिकाणी शिक्षकांनी पदव्या द्याव्यात, मुलांना कंपनीला चालतील अशी चार कौशल्यं शिकवावीत आणि पुण्या-बंगळूरच्या गाडीत बसवून द्यावं. उद्योग आणि विद्यापीठ यांनी मिळून संशोधन करायचं म्हणजे एक तर दिवास्वप्न, नाहीतर विद्येचा बाजार. उज्जैनला महाकाल आहे, २०२८ चा सिंहस्थ आहे, गावाचं पोट त्यावर भरतं, तेवढं पुरे.

या बोलण्याची मला चीड येते. त्यात नम्रपणाचा आव आहे आणि आत निव्वळ हात झटकणं आहे. १९५७ पासून चालत आलेलं विक्रम विद्यापीठ, ज्याला आता सम्राट विक्रमादित्याचं पूर्ण नाव मिळालं आहे, आणि १९६६ पासून अभियंते घडवणारं इथलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, या दोन्ही संस्थांतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांचं भवितव्य या एका वाक्यात परस्पर ठरवून टाकलं जातं. कोणी दिला हा अधिकार?

पहिला मुद्दा कारखान्याचा. कारखाना गावात नसेल तर संशोधनही गावात होऊ शकत नाही, असं गृहीत धरलं जातं. चिपच्या इतिहासाची ज्याला थोडीदेखील माहिती आहे तो असं बोलणार नाही. अमेरिकेत १९७९ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या लिन कॉनवे यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या रचना मागवल्या, त्या एकत्र करून एकाच वेफरवर बसवल्या आणि ह्युलेट-पॅकार्डच्या कारखान्यात चिप बनवून घेतल्या. त्या मुलांच्या महाविद्यालयांत कारखाने नव्हते. कारखाना एका जागी आणि डोकी शंभर जागी, ही रीत तेव्हा रुळली. दोन वर्षांत त्यातून अमेरिकी सरकारची मोसिस ही कायमची सोय उभी राहिली.

आपल्याकडे आज नेमकी तीच वाट खुली आहे. चिप रेखाटायला लागणारी सॉफ्टवेअर लाखो रुपयांची असतात. बंगळूरच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून ती देशभरातल्या महाविद्यालयांना मिळतात. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत विद्यार्थ्यांच्या रचना प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरतात. उज्जैनच्या मुलाला मोहालीला राहायला जावं लागत नाही. त्याला संगणक लागतो, जाणता मार्गदर्शक लागतो आणि सोडवण्याजोगा खरा प्रश्न लागतो. यातली पहिली गोष्ट पैशाने मिळते. उरलेल्या दोन मिळत नाहीत, आणि त्या का मिळत नाहीत याकडे मी पुढे येणारच आहे.

इथे लगेच दुसरा आक्षेप येतो: मोहालीचं तंत्रज्ञान १८० नॅनोमीटरचं, जग दोन-तीन नॅनोमीटरवर पोचलं, जुन्या मालावर कसलं संशोधन? असं म्हणणाऱ्यांनी चिप म्हणजे फक्त मोबाइल फोन अशी समजूत करून घेतली आहे. इस्रोने मोहालीत बनवून घेतलेला विक्रम ३२०१ हा ३२ बिटांचा प्रोसेसर १८० नॅनोमीटरचाच आहे आणि तो अग्निबाणासाठी आहे. आयआयटी मुंबईत माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला अजित हा प्रोसेसर २०१९ मध्ये पुढे आला, तोही याच कारखान्यात बनला. त्याच आयआयटीतल्या उदयन गांगुली यांच्या गटाने एकदाच लिहिता येणारी स्मृती तयार केली. सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिपातळ थर विजेच्या दाबाने एकदा भेदायचा. भेदला तर एक, न भेदला तर शून्य. कारखान्यातून निघालेल्या चिपमधला बारीकसारीक फरक नंतर दुरुस्त करायला अशी स्मृती लागते. विद्यापीठात जन्मलेली ही कल्पना मोहालीच्या उत्पादनात गेली, कारण कारखान्यातले अभियंते आणि प्रयोगशाळेतले संशोधक एकाच अडचणीवर काम करत होते. उद्योग-विद्यापीठ सहकार्य आपल्याकडे होत नाही असं जो छातीठोक सांगतो, त्याने निदान हे एक उदाहरण तरी नजरेखालून घालावं.

"पण ती आयआयटी!" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. म्हणून आता उज्जैनबद्दलच बोलू.

उज्जैन-देवास रस्त्यावर विक्रम उद्योगपुरी आहे आणि तिथे वैद्यकीय उपकरणांसाठी खास पार्क आखला आहे. वैद्यकीय उपकरण म्हटलं की आत संवेदक आला, संवेदकाचा क्षीण संकेत वाचणारी अ‍ॅनालॉग चिप आली. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर घ्या. त्याच्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० च्या आसपासचा अवरक्त. बोटातून आरपार आलेला उजेड समोरचा फोटोडायोड पकडतो. रक्तातलं ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या गुणोत्तरावरून पडद्यावर आकडा उमटतो. मात्र गुणोत्तराचा आकडा कसा करायचा हे माणसांवर मोजमापं घेऊन ठरवलेलं असतं. ती मोजमापं कोणत्या माणसांवर घेतली? २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर उतरलेला, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा आढळलं.

आता सांगा, माळव्यातल्या शेतमजुराच्या उन्हात रापलेल्या, घट्टे पडलेल्या बोटावर हे यंत्र किती चुकतं, हा प्रश्न कोणी सोडवायचा? कॅलिफोर्नियाने? आगर रोडला आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्ण तिथे आहेत, धमनीतल्या रक्ताची तपासणी तिथे होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग आहे. उपकरणं बनवणारे उद्योगपुरीत येऊ घातले आहेत. रुग्णालयाने खरी मोजमापं द्यायची, विभागाने संकेत वाचणारी चिप रचायची, कंपनीने ती आपल्या यंत्रात बसवून चूक कुठे राहते ते परत कळवायचं. याला दोन नॅनोमीटर लागत नाहीत, १८० पुरेसे आहेत. हे सेमीकंडक्टर संशोधन आहे आणि उज्जैनमध्ये जितकं नीट होईल तितकं धोलेऱ्याला होणार नाही, कारण रुग्ण, विद्यार्थी आणि कारखाना एकाच तालुक्यात मिळायला हवेत.

दुसरं उदाहरण नागद्याचं, आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे चंबळेच्या काठी ग्रासिमचा व्हिस्कोस धाग्याचा कारखाना १९५४ पासून आहे आणि पुढे कॉस्टिक सोड्याचाही झाला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक तयार होतं, बरोबर क्लोरीन आणि हायड्रोजन निघतात, आणि त्या दोघांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल बनवता येतं. चिपचा कारखाना म्हणजे डोळ्यांसमोर पांढरे झगे आणि यंत्रमानव येतात, पण तिथलं निम्मं काम धुण्याचं असतं. वर्नर कर्न यांनी आरसीए कंपनीत १९६५ साली बसवलेली वेफर धुण्याची पद्धत आजही वापरात आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यात पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हेच आम्ल लागतं, वेफरवर चिकटलेले धातूंचे अंश काढायला. फक्त ते आम्ल अब्जात एखाद-दोन कणांइतकीही भेसळ खपवून घेत नाही. ट्रान्झिस्टरच्या सुरुवातीच्या काळात सोडियमने असाच घात केला होता: ऑक्साइडच्या थरात शिरलेले सोडियमचे आयन सरकत राहायचे आणि ट्रान्झिस्टर कधी चालू होईल याचा भरवसा उरायचा नाही.

टँकरने विकलं जाणारं आम्ल आणि चिपच्या कारखान्यात चालणारं आम्ल यांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक शुद्धीकरण व मोजमाप या दोन विद्यांचा आहे. दोन्ही रसायनशास्त्राच्या विभागात शिकवल्या जातात. देशात चिपचे कारखाने उभे राहात आहेत, त्यांना या दर्जाची रसायनं लागणार, आणि ती आज बहुतांशी बाहेरून येतात. मग नागद्याचा कारखाना आणि उज्जैनचा रसायनशास्त्र विभाग, मध्ये जेमतेम तासा-दीड तासाचा रस्ता, यांनी या एका प्रश्नावर पाच वर्षं एकत्र काम करावं अशी मागणी केली तर त्यात दिवास्वप्न कुठे आलं?

उपकरणं नाहीत, हे रडगाणंही पुरे झालं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर इंदूर आहे. तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेने फिरतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांनी काही अणूंच्या जाडीचा थर किती जाड, किती घन, किती खडबडीत ते मोजता येतं. क्ष-किरणांनी लिथोग्राफी करण्याची एक शलाकाही तिथे आहे. खंडवा रोडवर विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाचं संयुक्त संशोधन केंद्र आहे, ते तर विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशी मोठी उपकरणं वापरावीत एवढ्यासाठीच काढलेलं आहे. मुंबई आणि बंगळूरच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा २००८ पासून बाहेरच्या संशोधकांना शिकवतात आणि काम करू देतात. देशातले कितीतरी लोक रात्रभराचा प्रवास करून ज्या यंत्रापाशी येतात, ते आमच्यापासून बसने दोन तासांवर आहे. न जाण्याचं कारण अंतर हे असूच शकत नाही.

लहान गावाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी बेल्जियममधलं लूव्हेन दाखवतो. लाखभर वस्तीचं जुनं गाव, १४२५ साली निघालेलं विद्यापीठ. २०११ च्या जनगणनेत उज्जैनची वस्ती पाच लाखांवर होती. म्हणजे लूव्हेन आपल्या पाचव्या हिश्शाचं. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक रॉजर व्हान ओव्हरस्ट्राटेन यांनी १९८४ साली प्रांतिक सरकारला बरोबर घेऊन आयमेक ही संशोधन संस्था सुरू केली. एकमेकींच्या गळ्याला नख लावणाऱ्या चिप कंपन्या आपापले अभियंते तिथे पाठवतात आणि पुढच्या पिढीच्या तंत्राचे प्रश्न एकत्र सोडवतात. आज तिथे पाच हजारांहून अधिक माणसं काम करतात. गाव लहान आहे म्हणून लूव्हेनमध्ये कोणी हात बांधून बसलं नाही.

राहता राहिला विद्येच्या बाजाराचा आरोप. उज्जैनच्या माणसाला उद्योगावर अविश्वास वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. बिनोद मिल १९९६ साली बंद पडली आणि कामगारांना थकलेल्या पैशांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे आमचं गाव विसरलेलं नाही. तेवढं मान्य. पण तो अविश्वास कराराच्या अटी कडक करायला वापरा, दार बंद करायला नको. चिप रचणारा जगातला प्रत्येक अभियंता आजही ज्याच्या पठडीतली सॉफ्टवेअर वापरतो, ते स्पाइस बर्कलेच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कंपन्यांनी ते घेतलं, सुधारलं, त्यावर उद्योग उभारले, विद्यापीठाची विद्या कमी झाली नाही. फिनफेट हा ट्रान्झिस्टरही त्याच विद्यापीठात चेनमिंग हू यांच्या गटाने गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवला, दहा-बारा वर्षांनी इंटेलने तशा रचनेचे ट्रान्झिस्टर कारखान्यातून काढले. १९८२ साली अमेरिकेतल्या प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांनी वर्गणी काढून विद्यापीठांतल्या संशोधनासाठी एक सामाईक संस्था स्थापली. बाजार मांडायचा असता तर त्यांनी एकमेकांबरोबर पैसे कशाला गोळा केले असते? सगळ्यांनाच लागणारं मूलभूत ज्ञान एकट्याने परवडत नाही हे त्यांना कळलं होतं.

आपल्या उद्योगाला ते अजून कळलेलं नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. भारत आपल्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. दक्षिण कोरियात तो तीन चतुर्थांशाहून जास्त आहे. तरीही आमच्याकडच्या प्रत्येक परिसंवादात कंपनीचा अधिकारी उठतो आणि सांगतो की विद्यापीठातून कामाला तयार मुलं मिळत नाहीत. तुम्ही विद्यापीठाला प्रश्न दिला होता का? तुमचा अभियंता कधी वर्गात येऊन बसला का? सदोष निघालेला एक तरी वेफर तुम्ही विद्यार्थ्यांच्या हातात ठेवून "हा का बिघडला ते शोधा" असं म्हणालात का? घेण्याची घाई आणि देण्याचं नाव नाही, याला सहकार्य म्हणत नाहीत.

सरकारची भाषाही हीच झाली आहे. चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमाचं लक्ष्य ८५,००० प्रशिक्षित अभियंत्यांचं. आकडा मोठा आहे, कामही चांगलं आहे. पण त्या ८५,००० जणांनी कोणते प्रश्न सोडवायचे हे कोण ठरवणार? आणि त्यांना शिकवणार कोण? आमच्या राज्यातल्या महाविद्यालयांत कायम प्राध्यापकाच्या जागी अतिथी विद्वान उभा आहे. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो पाच वर्षांचं संशोधन हाती घेईल? कंपनी तरी त्याच्याशी करार कोणत्या भरवशावर करील? चिप रचून, मोहालीला पाठवून, बनून आल्यावर तपासून, चूक काढून पुन्हा रचायची म्हणजे दोन-तीन वर्षं सहज जातात. मार्गदर्शक मिळत नाही तो यामुळे. मुलांमध्ये काही कमी आहे म्हणून नाही.

या गावाने असं काम पूर्वी केलेलं आहे. सवाई जयसिंगांची वेधशाळा मोडकळीला आली होती, माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिची दुरुस्ती करवली, आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारखा गणिती तिचा अधीक्षक झाला. राज्याने पैसा दिला, विद्वानाने आयुष्य दिलं, आणि ग्रहांची गणितं पंचांगकर्त्यांच्या कामी आली. आपट्यांना कोणी तीन महिन्यांच्या नेमणुकीवर ठेवलं नव्हतं.

तेव्हा ज्यांना खरोखर काही करायचं आहे त्यांच्यापुढे माझी मागणी सरळ आहे. विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात सामंजस्य करार होतात, शाल-श्रीफळ होतं, छायाचित्र छापून येतं आणि फाइल कपाटात जाते. यापुढे करारात सोडवायचा प्रश्न नावानिशी लिहिलेला असावा: रापलेल्या त्वचेवर ऑक्सिमीटरची चूक किती, किंवा आम्लातलं सोडियम अब्जात एका कणाखाली कसं आणायचं. कंपनीने पाच वर्षांचा पैसा पहिल्याच दिवशी बांधून द्यावा आणि आपला एक अभियंता आठवड्यातून दोन दिवस विभागात बसवावा. निष्कर्ष प्रसिद्ध करायचा हक्क विद्यार्थ्याकडे राहावा, कंपनीला हवं तर पेटंटसाठी ठरावीक मुदत घ्यावी. राज्य सरकारने २०२५ मध्ये सेमीकंडक्टर धोरण जाहीर केलं आहे, तर त्याच धोरणाच्या पैशातून या विभागांतल्या जागा कायमच्या भराव्यात. आणि ज्या करारात प्रश्नाचं नाव नाही, अभियंत्याचं नाव नाही, रकमेचा आकडा नाही, त्यावर कुलगुरूंनी सही करू नये.